भला शेठ

प्रिय ताई,

‘सर’ बघून तू फोनवर म्हणालीस, “पिक्चर छान आहे गं, पण असं कुठे घडतं का?” फोनवर वाद घातला की शेवटी तुझंच खरं होतं, म्हणून लिहिते आहे.

मालकाचं कामवालीवर प्रेम बसतं का, हे दिग्दर्शिका रोहेना गेराला विचारायचंच नव्हतं, असं मला वाटतं. तिनं एका फ्लॅटमधलं अंतर दाखवलंय. रत्नाची खोली स्वयंपाकघराला लागून, अश्विनची भिंतीपलीकडे. रात्री कॅमेरा एका खोलीतून दुसरीकडे सरकतो तेव्हा ही एकाच घरातली माणसं आहेत हे पटत नाही. विधवा रत्ना गावाहून मुंबईला येताना वाटेत बांगड्या चढवते. तेवढी मोकळीक शहर तिला देतं. जेवायला मात्र ती स्वयंपाकघरात जमिनीवरच बसते, आणि कपड्यांच्या भारी दुकानात नुसती बघायला शिरली तर तिला हुसकून लावतात.

वर अश्विन भला माणूस! तुला खरं तेच खुपलं असणार. आपण लहानपणी बघितलेल्या सिनेमांत शेठ म्हणजे सिगार, तिजोरी आणि जिन्यावरून उतरणारा रेशमी गाऊन. त्याला शिव्या घालून आपण निवांत घरी यायचो, कारण आपण थोडेच शेठ होतो? अश्विन आवाज चढवत नाही, आभार मानतो. तो आपल्यातला आहे. तुमच्या सोसायटीत कामाच्या बायकांना वेगळी लिफ्ट आहे ना, ती काही कुणा खलनायकानं लावलेली नाही. मीटिंगमध्ये ठराव झाला, सगळ्यांनी सह्या केल्या, मग चहा झाला.

बाँग जून-होच्या ‘पॅरासाइट’मधलं (२०१९) पार्क कुटुंबही असंच गोडबोलं. एका रात्री सोलमध्ये पाऊस कोसळतो आणि त्यांच्या ड्रायव्हरच्या, अर्ध्या जमिनीखालच्या घरात गटाराचं पाणी शिरतं. दुसऱ्या दिवशी बाईसाहेब गाडीत मागे बसून मैत्रिणीला फोनवर सांगतात, पाऊस झाला ते किती बरं झालं. गाडी तोच चालवतोय. त्यांच्या मनात काळंबेरं काही नाही, त्यांना कल्पनाच नाही. या प्रसंगापुढे शेवटचा रक्तपात मला जरा अतीच वाटला, पण ते असो.

आता ‘घरौंदा’ बघ, १९७७चा. अमोल पालेकर आणि झरीना वहाब मुंबईत डोक्यावर छप्पर हवं म्हणून पै-पै साठवतात, बिल्डर पैसे बुडवतो. तिचा विधुर, हृदयविकारानं पोखरलेला मालक तिला मागणी घालतो. आणि तिचा प्रियकरच तिला सुचवतो, की करून टाक लग्न, म्हातारा असा किती दिवस जगणार, मग सगळं आपलंच! डॉ. लागूंनी तो मालक इतका सालस उभा केलाय, की रागवायचं कुणावर हे तूच मला कळव. फोन नको, पत्र लिही.

तुझी,
धाकटी