दुधाचा भाव, पेंडीचा भाव

वसुबारसेला आपण गाय-वासराची पूजा करतो. पण शहरात गाय राहते चित्रात आणि दूध येते पिशवीत. पिशवीवरचा भाव आपल्याला तोंडपाठ असतो. गोठ्यातला भाव कसा ठरतो, हे मला शिकवले माझ्या मावसबहिणीने आणि तिच्या लेकीने.

बहीण दौंड तालुक्यात, भीमेकाठी राहते. लेक दिली आहे शिरूरकडे, घोड नदीच्या बाजूला. आई सहकारी सोसायटीत दूध घालते. लेक खाजगी केंद्रात. लेकीचा लेखी करार असा कुठेच नाही, पण बांधिलकी पक्की आहे. गाय घ्यायला केंद्राने उचल दिली, पेंडीची पोती उधार दिली. तेव्हा दूध तिथेच घालायचे. दर दहा दिवसांनी बिल होते आणि हप्ता व पेंड कापून उरेल ते हातात पडते. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ भरले तर पुरा दर. यंत्र केंद्राचे, चिठ्ठीही केंद्राची. पेंडीचा भाव आधी कळतो, दुधाचा मागाहून.

तिच्या दोन गाईंचे रोजचे वीस लिटर. दर ३ रुपयांनी उतरला, की बिलातून ६०० रुपये गेले. गाई मात्र तेवढीच पेंड खातात.

“मग थांबव की दूध घालायचे!” मी म्हणालो.

ती हसली. “मामा, ऊस चार दिवस रानात उभा ऱ्हातो. धार रोज काढावीच लागती. सकाळचं दूध दुपारी कुणाला देऊ?”

सारे अर्थशास्त्र यात आले. उसाला कायद्याने किमान दर आहे. दुधाला तसा नाही. पावडर आणि लोण्याचे भाव पडले, की डेअरी खरेदीचा दर उतरवते आणि तोटा सरकत सरकत गोठ्यापर्यंत पोचतो. जुलै २०१८ मध्ये शेतकऱ्यांनी दूध रोखले, तेव्हा सरकारने २५ रुपये दर जाहीर केला. २०२४ साली लिटरमागे ५ रुपये अनुदान दिले. आग लागली की पाणी आले. विहीर काही कुणी खणली नाही.

तरी केंद्राला नुसती नावे ठेवणे बरे नव्हे. त्याच्या उचलीवाचून लेकीच्या दारात गाय आलीच नसती. करार असावा, फक्त पेंडीसारखा दुधाचाही भाव आधी बांधलेला असावा.

गेल्या दिवाळीत सोसायटीने बहिणीला दरफरक दिला. साडी न घेता तिने त्यातून लेकीची उधारी फेडली. लेक मोकळी झाली. दूध कुठेही घालायला मुखत्यार! ती अजून त्याच केंद्रात घालते. दुसरे केंद्र पाच किलोमीटरवर आहे, आणि रोज दोनदा कॅन घेऊन तिकडे जाणारे घरात कोणी नाही.