गाजर आणि छडी

इंग्रजीतलं 'कॅरट अँड स्टिक' मराठीत आलं आणि त्यातल्या बिचाऱ्या गाजराची पार रया गेली. तिकडे गाजर म्हणजे काम केल्यावर मिळणारं बक्षीस. आपल्याकडे 'गाजर दाखवलं' म्हणजे द्यायचं काहीच नाही! निवडणुका आल्या की या भाजीचा हंगाम सुरू...

मूळ गोष्ट गाढवाची. हट्टी गाढव हलेना, तर पुढे गाजर धरा, मागून काठी हाणा. मे 1943 मध्ये चर्चिलसाहेबांनी इटलीला असंच गाढव ठरवून दोन्ही टोकांनी हाकायची भाषा केली होती. पण चित्र आणखी एक आहे. गाजर काठीलाच बांधून गाढवाच्या नाकापुढे लोंबतं ठेवायचं. ते कितीही चाललं तरी गाजर तेवढंच लांब. मला वाटतं, मराठीने नेमकं हेच चित्र उचललं.

माझं माहेर शहाद्याचं. तालुक्यातल्या सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीला घोड्यांची मोठी यात्रा भरते. लोक घोड्याचे दात बघतात, भोवरे बघतात, चाल बघतात. आमच्या आप्पांना, म्हणजे आजोबांना, घोड्यांचं कौतुक, पण जीव बैलांवर. पराणी घरात होती, ती बहुतेक कोपऱ्यातच. ते म्हणायचे, "पराणीनं बैल पळतो, पण तास सरळ पडत नाही."

1971 मध्ये एडवर्ड डेसी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना कोडी सोडवायला पैसे दिले. पैसे थांबल्यावर त्यांचा मोकळ्या वेळातला कोड्यांमधला रस कमी झाला. म्हणजे छडीच नाही, खरंखुरं गाजरसुद्धा तास वाकडा करतं!

हे सगळं आठवायचं कारण माझी भाची. दहावीला नव्वद टक्के पडले तर टॅबलेट, नाहीतर मोबाइल बंद, असा तिच्या घरचा करार. मागच्या वर्षी ही पोरगी भूमितीचं एखादं प्रमेय नुसतं मजा म्हणून दोन-तीन रीतींनी सोडवायची. आता आधी विचारते, "मावशी, हे किती मार्कांना येतं?"

ताईशी बोलले. ती म्हणाली, "तुला बोलायला काय जातं? ॲडमिशनला टक्केच बघतात." तिचंही खोटं नाही. म्हणून एवढंच सांगितलं, एकोणनव्वद पडले तरी टॅबलेट दे. ती अजून 'बघू' म्हणतेय.

तुमच्या घरी काय चालतं?