मावशीच्या गाडीतला टेप

त्याला ‘टेप’ म्हणायचं हे मावशीने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. कॅसेट जाईल अशी खाच त्याला नाही, सीडीची फट नाही. यूएसबीचं भोक, शेजारी हेडफोनच्या पिनेचं दुसरं, निळे आकडे आणि एक गोल बटण, एवढाच त्याचा चेहरा. पण त्या जागी आधी जो बसत होता तो टेप होता, आणि मावशीच्या घरात नाव वस्तूला नसतं, जागेला असतं.

गाडी १९९६ सालची मारुती ८००. कार्ब्युरेटरवाली, तीन सिलिंडरची, ७९६ सीसी. पंधरा वर्षं भरली तेव्हा एकदा आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी मावशी तिला आरटीओत नेऊन पास करून आणते आणि सोसायटीत पेढे वाटते. जुना टेप गेल्या पावसाळ्यात कायमचा गप्प झाला. नवा आणायचं काम माझ्याकडे आलं, आणि नाना पेठेतल्या एका दुकानात तो अर्ध्या तासात बसलाही. अंगाने तो लगेच जुळला, कारण डॅशबोर्डातली ती खिडकी मूळ जर्मन मापाची, साधारण १८० बाय ५० मिलिमीटरची, आणि तेच माप पुढे जगभर चाललं. अडचण होती त्याच्या पाठीमागे, जिथे त्याच्या रंगीत वायरी गाडीच्या जुन्या वायरींना भेटत होत्या.

चौथ्या दिवशी मावशीचा फोन आला. “अरे, याला काल सांगितलेलं आज आठवत नाही. रोज सकाळी बारा वाजलेले दाखवतो. स्टेशन पुन्हा पहिल्यापासून शोधायचं.”

टेपच्या पिवळ्या वायरीत त्याची आठवण असते. किल्ली काढून घरी गेलं तरी तिच्यात बारा व्होल्ट यायलाच हवेत, कारण घड्याळ आणि लावून ठेवलेली स्टेशनं तिच्यावर जगतात. तांबडी वायर जागं करायला: किल्ली फिरली की उठायचं, काढली की झोपायचं. जुन्या टेपला ही वाटणी माहीतच नव्हती. त्याला करंटची वायर एकच, तीही किल्लीवरची. त्याचं स्टेशन काट्यावर असे, आणि काटा जिथे ठेवला तिथे थांबून राही, वीज असो वा नसो. दुकानात नव्याच्या दोन्ही वायरी त्या एकाच वायरीला पिळून वर काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. म्हणजे रोज त्याची आठवण पुसली जात होती, आणि रोज सकाळी तो तसं स्पष्ट सांगत होता. फ्यूजच्या डब्यातून कायम चालू असलेला करंट घेतला, मध्ये वेगळा फ्यूज टाकला आणि तो पिवळीला दिला. गाडी बंद ठेवून मल्टिमीटर लावून पाहिला. सगळ्या गाडीची गळती पन्नास मिलिअँपिअरच्या आत असली की बॅटरी रातोरात उतरत नाही. ती आत होती.

त्या दिवसापासून मला त्याचा स्वभाव कळू लागला. त्याच्या पोटात काही राहत नाही. त्याच्यापर्यंत जे पोचतं ते तो बोलून टाकतो. ऐकणाऱ्याला वाटतं, हाच बिघडलाय.

दुकानात पुढचे दोनच स्पीकर जोडले होते. मागच्या शेल्फवरचे दोन मी जोडले आणि तो मुका झाला. आकडे उजळायचे, दोन सेकंद आवाज यायचा आणि बंद. पूर्वी स्पीकरची एक वायर टेपपर्यंत नेत आणि दुसरी जवळच्या स्क्रूला, म्हणजे बॉडीला, टेकवून टाकत. तेवढी वायर वाचे आणि जुन्या टेपला ते चाले. नव्या टेपचा ॲम्प्लिफायर मात्र स्पीकरला दोन्ही टोकांनी हलवतो. दोन्ही टोकांवर बॅटरीच्या साधारण निम्मे, सहा व्होल्ट असतात. त्यातलं एक टोक बॉडीला लागलं की तो जळण्याआधी तोंड मिटून घेतो. सीट काढली, मॅट उचललं आणि मागच्या प्रत्येक स्पीकरला टेपपासून दोन दोन नव्या वायरी नेल्या. त्यांतल्या एका स्पीकरच्या वायरी उलट्या लागल्या होत्या, त्यामुळे आवाज असून त्याला पोट नव्हतं. दीड व्होल्टचा घड्याळाचा सेल क्षणभर टेकवला की पडदा बाहेर उडी मारतो की आत जातो ते दिसतं, तेवढ्यावर भागलं.

आता मावशीचं स्टेशन. आकाशवाणी पुणे, मध्यम लहरींवर ७९२ किलोहर्ट्‌झ. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुणे केंद्राच्या प्रादेशिक बातम्या लागतात. सुधा नरवणे त्या देत असत तेव्हापासून मावशीचा दिवस तिथून सुरू होतो. पर्वतीच्या पायथ्याशी गाडी लावायची, बातम्या संपेपर्यंत आत बसायचं आणि मग पायऱ्या चढायच्या. नवा टेप ७९० वर जाई, तिथून थेट ८०० वर. ७९२ त्याच्या जगातच नव्हतं. एफएमवर १०१ चं पुणे केंद्रही तसंच, १००.९ झालं की १०१.१. रेडिओ मिरचीचं ९८.३ मात्र स्वच्छ लागे, आणि त्यामुळेच मी दोन दिवस अँटेनाला दोष देत बसलो.

टेप मनाने अमेरिकेत होता. तिकडे मध्यम लहरींवर स्टेशनं दहा दहाच्या अंतराने असतात, आपल्याकडे १९७८ पासून नऊ नऊच्या. ७९२ म्हणजे नऊ गुणिले अठ्ठ्याऐंशी. एफएमवरही तिकडे दशांशातले विषम आकडेच चालतात, म्हणून ९८.३ जमे आणि १०१.० जमत नसे. सेटिंगच्या पार तळाशी ‘एरिया’ नावाचा एक शब्द होता. तो बदलला आणि ७९२ समोर उभं राहिलं. मला स्वतःला या शोधाचा जितका आनंद झाला तितका कशाचाच झाला नाही.

आनंद इंजिन सुरू होईपर्यंत टिकला. किल्ली फिरवली आणि बातम्यांच्या मागे एक बारीक सूर उभा राहिला. ॲक्सिलरेटर दाबला की तो चढे, सोडला की उतरे. शिवाय मध्यम लहरींवर एक भरभर टकटक. मावशी म्हणाली, “याला सर्दी झालीये का?”

टकटक लवकर सापडली. तीन सिलिंडर, मिनिटाला नऊशे फेरे, म्हणजे मिनिटाला साडेतेराशे ठिणग्या, आणि प्रत्येक ठिणगी हवेत थोडी ओरडते. अँटेनाची पिन उपसली की टकटक थांबे. अँटेनाच्या बुडाखाली गंज धरला होता. तो खरवडून तिथला अर्थ नीट बसवल्यावर ती जवळजवळ गेली.

तो चढता सूर मात्र अँटेना काढूनही राहिला. आवाज शून्यावर नेला तरी तेवढाच. म्हणजे तो गाण्याच्या वाटेने येत नव्हता, विजेच्या वाटेने येत होता. अल्टरनेटर तीन फेजची वीज करतो आणि डायोड ती सरळ करतात, पण पूर्ण सपाट होत नाही. बारीक लहर उरते, ती एरवी बॅटरी गिळते. इथे ती कुणी गिळत नव्हतं. एक लांब वायर घेऊन टेपची काळी, म्हणजे अर्थची, वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, आणि सूर नाहीसा झाला.

मग हेडलाइट आणि ब्लोअर चालू ठेवून मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला धरलं, दुसरं बॉडीवर. तिथे फार तर दीड-दोन दशांश व्होल्ट दिसायला हवे होते. आठ दशांश दिसले. इंजिन रबरावर बसलेलं असतं आणि रबरातून वीज जात नाही. या गाडीत बॅटरीचं निगेटिव्ह गिअरबॉक्सला जातं आणि तिथून विणलेल्या तांब्याची एक पट्टी बॉडीपर्यंत येते. दिव्यांपासून हॉर्नपर्यंत सगळ्यांचा परतीचा रस्ता तोच. त्या पट्टीला हात लावला तर तिच्या तारा भाकरीच्या पापुद्र्यासारख्या सुटून आल्या. मोजून पाच-सहा उरल्या होत्या.

तेव्हा गेल्या दोन वर्षांतलं एकेक आठवायला लागलं. हेडलाइट पिवळे पडले होते, गॅरेजमध्ये बल्ब दोनदा बदलून झाले. हॉर्न घोगरा झाला होता. पावसात वायपर काचेवरून दमल्यासारखा सरके. मावशी म्हणायची, “तिचं वय झालं आता.” गेल्या वेळी आरटीओतून परतताना मी तिला म्हणालो होतो की पुढची पाच वर्षं मागायला नकोत. दिवा, हॉर्न, वायपर सगळे सोसत राहिले, मिटल्या तोंडाने काम करत राहिले. हा एकटा नवा आला, त्याला सोसायची सवय नव्हती, आणि तो ओरडला. आम्ही त्याला बदलायला निघालो होतो, बिल शोधून ठेवलं होतं.

पट्टी नवी टाकली. दोन्ही टोकांचा रंग कानस लावून चकचकीत होईपर्यंत काढला, नट आवळला, वर ग्रीस लावलं. संध्याकाळी मावशीने पार्किंगमध्ये हेडलाइट लावले आणि समोरच्या भिंतीवरचा पांढरा उजेड बघत ती बराच वेळ काही बोलली नाही. मग एकदा हॉर्न वाजवला. आणखी एकदा वाजवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याबरोबर पर्वतीला गेलो. सात वाजून पाच मिनिटांनी बातम्या लागल्या, इंजिन चालू होतं, मागे काही नव्हतं. नुसता आवाज, माणसाचा. बातम्या अर्ध्यावर असताना पाऊस आला. मावशीने वायपर लावला, तो आता झपझप फिरत होता, आणि त्याच्या प्रत्येक फेरीबरोबर ७९२ वर एक बारीक खरखर यायला लागली.

मावशीने माझ्याकडे पाहिलं. “काय म्हणतोय?”

“वायपरच्या मोटरचे कोळसे झिजलेत म्हणतोय.”

“मग रविवारी ये,” ती म्हणाली, आणि पुढची बातमी नीट ऐकू यावी म्हणून तिने वायपर बंद केला.