पस्तीशीचा हिशेब जर्मनीत

बारावी सायन्सला 82 टक्के म्हणजे मारेगावात पेढे वाटण्याजोगे मार्क. जर्मनीत त्यांचे होतात 1.8, आणि तेही चांगलेच; कारण तिथे 1.0 सगळ्यात वरचा आणि 4.0 म्हणजे काठावर पास. तिकडे शिकायला जायचं म्हणून माझ्या भाचीने हे गणित वहीत मांडलं: शंभरातून आपले मार्क वजा करायचे, उरलेल्या 18 ला 65 ने भागायचं, तिनाने गुणायचं, एक मिळवायचा. ‘‘हे 65 कुठून आले?’’ भाऊजींनी विचारलं. शंभरातून पासिंगचे 35 गेले की 65. अमरावती बोर्डाची पस्तीशी जर्मन सूत्रात जाऊन बसते, याची त्यांना भारी गंमत वाटली.

पुढचं मात्र गमतीचं नव्हतं.

नागपूरच्या एका सल्लागाराने ‘बारावीवर ॲडमिशन पक्की’ असं छातीठोक सांगितलं होतं. ती पक्की होती ती एका महागड्या खासगी संस्थेत. सरकारी विद्यापीठांचा नियम वेगळा निघाला. तिकडची मुलं गिम्नाझियममध्ये बारा-तेरा वर्षं शिकून ‘आबिटुर’ परीक्षा देतात. आपली बारावी एकटी त्या तोडीची धरली जात नाही. मग जेईई ॲडव्हान्स्ड पास व्हा, तर तांत्रिक आणि विज्ञान शाखांची वाट उघडते. नाहीतर भारतातल्या मान्यताप्राप्त विद्यापीठात पदवीचं पहिलं वर्ष पास करा. नाहीतर तिथल्या ‘श्टुडिएनकोलेग’मध्ये साधारण दोन सेमिस्टर शिकून प्रवेशपात्रता परीक्षा द्या. त्यातही प्रत्येक विद्यापीठाचा आपला सूर असतो.

इंग्लंडचं तंत्र निराळंच. सोळाव्या वर्षी जीसीएसई, मग दोन वर्षं बहुधा तीनच विषय घेऊन ए-लेव्हल. तिथली बरीच विद्यापीठं आपली बारावी थेट घेतात, पण कोणत्या बोर्डाची आहे ते बघून टक्क्यांची अट बदलतात. पदवी तीन वर्षांची. स्कॉटलंडमध्ये मात्र चार. भाची इंग्लंडकडे वळली नाही, कारण फी. जर्मनीत बहुतेक राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. बाडेन-वुर्टेम्बर्ग बाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सेमिस्टरला 1,500 युरो घेतं, तेवढं टाळायचं. पण व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो खात्यात दाखवावे लागतात. म्हणजे दहा लाखांच्या वर. कापसाच्या भावावर जगणाऱ्या घरात हा आकडा ऐकल्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही.

बारावीनंतरच्या या वाटेची माहिती आपल्याकडे का नसावी? मला वाटतं, इथून जे गेले ते पदवी घेऊनच गेले. बाबासाहेब 1912 ला मुंबईत बी.ए. झाले आणि 1913 मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला पोचले. यवतमाळात एकलव्य संस्था उभी करणारे राजू केंद्रे चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला गेले तेही मास्टर्ससाठी. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीही पदव्युत्तर आणि पीएचडीसाठीच. त्यामुळे ती वाट पुसायला माणसं सापडतात. बारावीनंतरच्या वाटेवर भेटतो तो एजंटच.

भाचीने शेवटी वणीला बी.एस्सी.ला नाव घातलं. हे वर्ष वाया जाणार नाही, उलट तेच तिचं तिकीट आहे, हे शेजाऱ्यांना समजावता समजावता ताई थकली. सोबत जर्मन भाषा मोबाइलवरून चालू आहे. एपीएसचं प्रमाणपत्र काढायचं आहे. भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी ते नोव्हेंबर 2022 पासून सक्तीचं झालंय. त्यात आपली कागदपत्रं तपासली जातात. फी 18,000 रुपये.

तुमच्या घरी कोणी या वाटेवर असेल, तर सल्लागाराला पैसे मोजण्याआधी ‘ॲनाबिन’ ही जर्मनीची सरकारी नोंदसूची उघडा. भाषा जर्मन आहे, पण बघायला पैसे पडत नाहीत. आपल्या बारावीचं तिथे काय वजन आहे, ते त्यात लिहिलेलं आहे.