मौन म्हणजे कबुली नव्हे

काही वर्षांपूर्वी, सायंप्रार्थनेची घंटा होताच धर्मग्रामातील एक माता आमच्या दारी आली. तिच्या मुलाला पोलिसांनी चौकशीला बोलावले होते. "फादर, त्याला काय सांगू?" आम्ही चटकन म्हणालो, "विचारतील ते सारे सांगू दे. सत्याला भय कसले?" मुलगा गेला आणि भेदरून घडले-न घडले ते बोलून बसला. पोलिसांपुढील कबुली न्यायालयात पुरावा ठरत नाही. तपास मात्र तिच्याच मागे धावतो. पुढे तो निर्दोष सुटला, पण तोवर त्याची नोकरी गेली होती. आमच्या उपदेशाची ती बोच आजही जात नाही.

त्यानंतर आम्ही एका वकिलाकडे बसून कायदा समजून घेतला. ज्याच्यावर आरोप आहे, त्याला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, असे राज्यघटनेचे कलम २०(३) सांगते. ओरिसाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांच्या प्रकरणात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने हे संरक्षण पोलिसांच्या चौकशीलाही लागू केले. २०१० साली संमतीविना नार्को चाचणीही निषिद्ध ठरली. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या नव्या संहितेतही, ज्या उत्तराने आपणच गुन्ह्यात गोवले जाऊ, ते देण्याचे बंधन नाही. मात्र इतर प्रश्नांना खरेच उत्तर द्यावे लागते. मौनाची मुभा आहे, असत्याची नाही. पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही करावी लागत नाही, आणि अटक झाल्यास वकिलाचा सल्ला घेणे हा हक्कच आहे.

धर्मगुरूने मौनाची बाजू घ्यावी काय, असे कोणी विचारील. आमची चूक नेमकी येथेच झाली होती. पापनिवेदन आणि कबुलीजबाब यांना आम्ही एकच मानले. पापनिवेदनाला मनुष्य स्वेच्छेने येतो आणि क्षमा घेऊन परततो. चौकीत त्याला बोलावले जाते, आणि तेथे क्षमा देणारा कोणी नसतो. शिवाय प्रभू येशूही पिलातासमोर आरोपांना उत्तर न देता उभा राहिला. ते मौन अपराध्याचे नव्हते.

आता कोणी माता अशी दारी आली, तर आम्ही सांगतो, "बाई, मुलाला म्हणावे, खोटे बोलू नकोस, भीतीने बोलू नकोस, आणि जाण्याआधी वकिलाला भेट." सत्याला भय नसते हे खरे, पण भ्यालेल्या जिभेवर सत्य टिकत नाही, हे आम्ही उशिरा शिकलो.