दिवाकरसेनाची आई

ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्याला पहिला प्रश्न घरातूनच येतो : ‘यातले खरे किती आणि तुझे किती?’ पवनारवर लिहायला घेतल्यापासून हा प्रश्न माझ्या मानगुटीवर बसला आहे.

वर्ध्याहून नागपूरच्या वाटेवर धाम नदीच्या काठी हे गाव लागते. आपण ते ओळखतो विनोबांमुळे. १९३८ साली ते येथे राहावयास आले. आश्रमासाठी जमीन खणताना जुन्या मूर्ती निघाल्या. त्यातली राम-भरतभेटीची शिला आजही तेथे पूजली जाते. महामहोपाध्याय मिराशींच्या मते पवनार म्हणजे प्रवरपूर, वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी. १९६७ साली नागपूर विद्यापीठाने येथे उत्खननही केले. अलीकडे काही संशोधक हा मान रामटेकजवळच्या मनसरला देतात. पंडितांचे भांडण पंडितांनी मिटवावे. मला ओढ लागली ती प्रवरसेनाच्या आईची.

प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची, म्हणजे केवढ्या मोठ्या घरची लेक! विदर्भात सून म्हणून आली. पती दुसरा रुद्रसेन अकाली गेला, मुले लहान. तेव्हा राज्य तिनेच सांभाळले. तिचा एक ताम्रपट पुण्यात एका तांबट कुटुंबाकडे मिळाला. तांब्याचा नुसता भाव पाहिला असता, तर त्याची एखादी कळशी झाली असती! त्या पटात तिने आधी वंशावळ दिली आहे ती माहेरची, आणि गोत्रही माहेरचेच. आजच्या सासुरवाशिणीलाही इतके धैर्य होईल की नाही, कोण जाणे.

पण माझी लेखणी अडली ती पुढे. या पटात, तेराव्या वर्षी, ती स्वतःला युवराज दिवाकरसेनाची आई म्हणवते. पुढे महानुभावांच्या रिद्धपूरला मिळालेला तिचा दुसरा पट आहे, प्रवरसेनाच्या एकोणिसाव्या वर्षातला. तेथे ती दामोदरसेन-प्रवरसेनाची आई आहे. दिवाकरसेनाचे नाव नाही.

येथे कादंबरीकाराच्या तोंडाला पाणी सुटते. विषाचा पेला, सावत्र कारस्थान, मध्यरात्रीचा खलिता. तीन प्रकरणे सहज होतील, आणि वाचक पुस्तक खाली ठेवणार नाही. सोळाशे वर्षांपूर्वीच्या माणसांची बाजू घ्यायला कोणी वारस येत नाही. ‘आमच्या आजीने असे केले नव्हते’ म्हणून दार ठोठावणारे कोणी नाही. म्हणूनच मला वाटते, त्यांच्या अब्रूची राखण लेखकाने अधिक जपून करावी. जिच्या हातून राज्य राखले गेले, त्या बाईच्या पदरी केवळ रंजकतेसाठी पुत्रहत्येचा संशय कसा बांधायचा?

मी विष काढून टाकले. आता त्या ठिकाणी दोनच पाने आहेत. दानपत्र लिहिले जात आहे, वंशावळ झाली. लेखक मान वर न करता विचारतो, ‘देवी, जननी कुणाची लिहू?’ प्रभावती थोडा वेळ बोलत नाही. मग राहिलेल्या मुलाचे नाव सांगते.

लेखकाचा प्रश्न माझा आहे, तिचे गप्प राहणेही माझेच. नाव तेवढे तांब्यावरचे. घरातल्या प्रश्नाला माझ्यापाशी इतकेच उत्तर आहे.