कागलहून खिद्रापूर : एका वाटेवरची दोन देवालये

कागलहून महामार्गाने कोल्हापूरकडे जाणारे पुष्कळ. पूर्वेला, कृष्णाकाठच्या खिद्रापूरकडे वळणारे थोडे. स्वतःचे वाहन असल्यास चांदीच्या दागिन्यांची हुपरी आणि वस्त्रनगरी इचलकरंजी ओलांडून कुरुंदवाड गाठावे व तेथून खिद्रापूरला जावे. कागलला रेल्वे नाही. आगगाडीने येणाऱ्या आप्तांनी जयसिंगपूर अथवा मिरजेस उतरावे. विमानाने येणाऱ्यांना उजळाईवाडीचा कोल्हापूर विमानतळ सोयीचा. पावसाळ्यात मात्र पुराची चौकशी करूनच निघावे.

खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर शिलाहारकालीन आहे. ४८ खांबांचा स्वर्गमंडप मध्यभागी आकाशाला मोकळा. त्या वर्तुळातून उतरणारा प्रकाश पाहत मन स्तब्ध होते. शिवालय असूनही समोर नंदी नाही.

याच गावात भगवान आदिनाथांचे प्राचीन जिनमंदिर आहे. आपल्यापैकी कित्येक कुटुंबे कोपेश्वर पाहून, छायाचित्रे घेऊन तशीच परततात, याची खंत वाटते. कोल्हापूरच्या शिलाहार गंडरादित्याने आपण बांधलेल्या तलावाकाठी ईश्वर, बुद्ध आणि अर्हत् या तिघांची स्थापना केली होती. त्या राजवंशाच्या भूमीत शिवालय आणि जिनालय एकाच गावी नांदावे, यात नवल नाही. नवल आहे ते आपल्या घाईचे.

म्हणून सकाळीच निघावे, मुलांना सोबत घ्यावे आणि दोन्ही मंदिरांत निवांत थांबावे. सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाला सुखरूप घरी परतता येते.